नाव गुरुवारचं, बाजार शनिवारचा

माझे बाबा गुरुवारी जन्मले म्हणून त्यांचं नाव लामुसा. आम्हा मोसी लोकांत वारावरून नाव ठेवण्याची पद्धतच आहे. पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते शनिवारी, आणि तेही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. तोवर ते लामुसा झुंग्राना, वागाडुगू या आमच्या राजधानीच्या नगरपालिकेतले जन्म-मृत्यू नोंदणीचे निवृत्त कारकून, एवढेच होते. गुंगिन वस्तीतल्या आमच्या अंगणात कडुनिंबाखाली त्यांची दोरीची खुर्ची असायची. मांडीवर रेडिओ. समोर स्टुलावर शेजारचे सार्जंट नोआगा. हे फ्रेंचांच्या फौजेतून इंडोचायनात लढून आलेले. सकाळचे दहा वाजले की दोघांचं राजकारण सुरू व्हायचं, ते आईने जेवायला वाढेपर्यंत.

बाबांना राज्यघटनेची कलमं पाठ होती. कोणती घटना, हा प्रश्न रास्त आहे, कारण आमच्याकडे त्या बऱ्याच झाल्या. त्यांना सगळ्याच पाठ होत्या, रद्द झालेल्याही.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनीच मला सांगितलंय. नऊ वर्षांचे असताना ते मिशनच्या शाळेत होते. एकदा मास्तरांनी कपाट आवरायला सांगितलं. त्यात त्यांना घडी घातलेला एक जुना नकाशा सापडला. त्यावर एक देश होता, अप्पर व्होल्टा, आणि त्याच्या मधोमध वागाडुगू. भिंतीवरच्या नकाशात मात्र वागाडुगू आयव्हरी कोस्टमध्ये होतं.

"मास्तर, हा देश कुठंय?"

"तो आता नाही."

"म्हणजे कुठं गेला?"

"वाटून टाकला. एक तुकडा सुदानला, एक नायजरला, मोठा आयव्हरी कोस्टला. घडी नीट घाल."

बाबा घरी आले आणि त्यांनी माझ्या आजोबांना विचारलं. आजोबा नुकतेच दक्षिणेतून परतले होते. फ्रेंचांच्या कॉफीच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून गावागावातून पुरुष पकडून नेत, त्यात ते दोन वर्षं जाऊन आले होते. देश मोडला तोही त्याचसाठी, असं पुढे बाबा म्हणत. आजोबा म्हणाले, "मला कुणी देश दाखवला नाही. झाड दाखवलं आणि कुऱ्हाड दिली."

बाबांच्या मनात ते राहून गेलं. आपण पाच वर्षांचे असताना आपला देश पुसला गेला आणि घरात कोणाला पत्तासुद्धा नव्हता. यापुढे असं काही झालं तर आपल्याला आधी कळलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. रेडिओचं मूळ ते.

सत्तेचाळीस साली फ्रेंचांनी पुसलेला देश परत काढून दिला. नवीन कचेऱ्या आल्या, कारकून हवे झाले, आणि बाबांना नोकरी लागली. तिथेच त्यांना माझी आई भेटली.

आईचं नाव पेलाजी तोए. ती सामो, तुगानकडची. मोसी आणि सामो यांच्यात थट्टेचं नातं आहे, आजचं नाही, खापरपणजोबांच्याही आधीचं. सामोने मोसीला भर रस्त्यात "अरे गुलामा" म्हणावं, मोसीने त्याला "कुत्र्याची मुंडी खाणारा" म्हणावं, आणि कोणी राग धरायचा नाही. ज्याला राग आला तो हरला. आईला प्रसूतिगृहात कामाला लागायचं होतं आणि त्यासाठी जन्माचा दाखला हवा होता. ती बाबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"जन्म कुठला?"

"तुगानजवळचं खेडं."

"देश?"

"कोणत्या वर्षीचा सांगू?"

बाबांनी मान वर केली.

आई म्हणाली, "जन्मले तेव्हा अप्पर व्होल्टा होतं म्हणतात. चालायला लागले तेव्हा सुदान झालं होतं. आता परत अप्पर व्होल्टा. मी आपली तिथंच बसलेली. तुझ्या टाकाला काय बरं वाटेल ते लिही."

"आडनाव?"

"तोए. आणि तुझं?"

"झुंग्राना."

"अगंबाई, मोसी. म्हणजे माझा गुलामच निघालास. मग लिही लवकर, मला उशीर होतोय."

बाबांना इतकं हसू आलं की शाई सांडली आणि दाखला खराब झाला. दुसऱ्या खेपेला शिक्का उलटा पडला. तिसऱ्या खेपेला त्यांनी आईचं नावच चुकीचं लिहिलं. ते मुद्दाम होतं, हे आईने ओळखलं. चौथ्या खेपेला ती दाखला घ्यायला आली तेव्हा लग्नाचं बोलूनच गेली.

आई त्यांना चारचौघांत "अहो" म्हणायची, आणि थट्टेला चढली की "अरे गुलामा." आम्हा मुलांना आवाजावरूनच कळायचं, आज घरात नवरा आहे की गुलाम.

साठ साली आम्ही स्वतंत्र झालो. सहासष्टच्या जानेवारीत सरकारने सरकारी नोकरांचे पगार कापले, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरलं. बाबाही गेले. दुपारी परत आले ते घामाघूम, एका पायात बूट, एक पाय उघडा.

"सरकार पडलं?" आईने विचारलं.

"पडलं."

"आणि बूट?"

"तोही पडला."

त्यानंतर फौजी आले, मग पुन्हा निवडणुका, पुन्हा फौजी, मग दुसरे फौजी. रेडिओवर लष्करी बँड वाजायला लागला की बाबा म्हणायचे, "पोको, वही आण." पोको म्हणजे मी. ते तारीख लिहून ठेवायचे. सार्जंट नोआगांचं मत असं की यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही, बंदूक कोणाच्या खांद्यावर आहे तेवढं बघावं. यावर त्यांचा वाद पंधरा वर्षं चालला होता.

त्र्याऐंशीत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी क्रांती केली आणि चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये देशाचं नाव बदललं. अप्पर व्होल्टा गेलं, बुर्किना फासो आलं. बाबा दिवसभर खुर्चीत बसून ते नाव पुटपुटत होते, नवीन चप्पल पायात घालून बघावी तसे. "या खेपेला आपण ठेवलंय नाव," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "चांगलं आहे. आता हात धुवा, जेवायला वाढलंय."

आणि सप्टेंबरात रेडिओवर ती घोषणा झाली. येत्या शनिवारी, बावीस तारखेला, बाजार पुरुषांनी करायचा, स्वयंपाकही पुरुषांनी करायचा. बायका घरी बसतील. त्या रोज काय करतात ते पुरुषांना एकदा कळू दे.

बाबांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

"मोठा करा की," चुलीपाशून आई म्हणाली. "रोज तर अख्ख्या वस्तीला ऐकवता."

सार्जंट नोआगा स्टुलावरून उठले. "मी इंडोचायनात होतो. गळ्याइतक्या चिखलात उभं राहून लढलोय. मी भाजी आणायला जाणार नाही."

"रेडिओवर सांगितलंय," बाबा म्हणाले.

"तो काय कायदा झाला?"

बाबांनी रेडिओ मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाले, "हे बघ नोआगा, माझा देश एकदा मोडला, मला विचारलं नाही. परत जोडला, तेव्हाही विचारलं नाही. आज पहिल्यांदा देशाने मला नावाने हाक मारून एक काम सांगितलंय. नाही कसं म्हणू?"

"आणि ते काम म्हणजे भेंडी आणणं?"

"भेंडी तर भेंडी."

शनिवारी सकाळी बाबांनी इस्त्रीची पँट घातली, डोक्यावर कचेरीची टोपी चढवली, आणि टोपली घेऊन आईपुढे उभे राहिले.

"काय काय आणायचं?"

आई तोवर त्यांच्या खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर, रेडिओ मांडीवर. "घटनेची कलमं पाठ आहेत ना तुम्हाला? मग घरात काय लागतं ते कसं माहीत नाही? तीस वर्षं जेवताय."

"पेलाजी, थट्टा नको."

"थट्टा नाही. सरकारी हुकूम आहे. मी घरी बसणार." मग तिने त्यांच्या हातावर पैसे ठेवले. ते रोज सकाळी तिला जेवढे देत, बरोबर तेवढेच.

मी तेव्हा तिशीची, नवऱ्याच्या घरी राहत होते, पण ही गंमत बघायला मुद्दाम माहेरी आले होते. मी बाबांच्या मागे थोडं अंतर ठेवून बाजारात गेले. मदत करायची नाही, असं आईने बजावलं होतं.

गुंगिनच्या बाजारात त्या दिवशी टोप्याच टोप्या. पुरुष दोघातिघांचा घोळका करून चालत होते, नदी ओलांडताना धरतात तसा धीर धरून. विकणाऱ्या बायकांना घरी बसायचा हुकूम नव्हता; त्या मात्र सणासुदीच्या थाटात बसल्या होत्या. भेंडी घेऊन बसलेली झेनाबू पारे ही सामो, आईच्याच बाजूची, अंगाने आडवी आणि आवाजाने उभी. तिने बाबांना लांबूनच हेरलं.

"ये ये, गुलामा. मालकिणीने सोडलं का आज?"

"कुत्र्याची मुंडी नको, भेंडी दे," बाबा म्हणाले. "अर्धा किलो."

आजूबाजूच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. आमच्याकडे भेंडी किलोवर मिळत नाही, ढिगावर मिळते. बाबांनी टोपी सारखी केली, ढिगांची पाहणी केली आणि सगळ्यात लांब, सगळ्यात जाड भेंड्यांचा ढीग निवडला. त्यांच्या हिशेबी मोठी म्हणजे चांगली.

"नक्की हीच?" झेनाबूने विचारलं.

"हीच."

"घे बाबा. तुझ्यासारखीच आहे. निवृत्त."

पुढे सुंबाल्याच्या दुकानी ते नाक दाबून उभे राहिले. सुंबाला म्हणजे आंबवलेल्या बियांच्या काळ्या गोळ्या, त्या कालवणात पडल्याशिवाय आमच्या जेवणाला जेवण म्हणत नाहीत. पण शिजण्यापूर्वी त्यांचा वास सोसवत नाही. तीस वर्षं ते आवडीने खात आलेले, पण तो पदार्थ शिजण्याआधी असा असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. सुक्या मासळीपर्यंत पोचले तेव्हा पैसे संपले होते. ते तिथे दोन मिनिटं उभे राहिले, रिकाम्या तळहाताकडे बघत. दुसऱ्या दिवसापासून आईला घरखर्चाचे पैसे न मागता वाढवून मिळाले, आणि त्याबद्दल घरात एक अक्षर निघालं नाही.

चूल पेटायलाच पाऊण तास गेला. साग्बो म्हणजे बाजरीच्या पिठाची घट्ट उकड, ती सतत घोटावी लागते. बाबा घोटत होते आणि त्यांचा घाम टपटपत होता. इतक्यात कुंपणाच्या मागून दबका आवाज आला.

"लामुसा."

सार्जंट नोआगा होते. काखेत जिवंत कोंबडी.

"तू तर जाणार नव्हतास," बाबा म्हणाले.

"गेलो नाही. मागच्या गल्लीतून पटकन जाऊन आलो." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "हिचं पुढं काय करायचं असतं?"

"तू इंडोचायनात होतास ना?"

"तिथं डब्यातलं मिळायचं."

आई खुर्चीतून सगळं ऐकत होती. तिने रेडिओ मोठा केला, आपलं हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

जेवण तयार झालं ते दोन वाजता. साग्बोत गुठळ्या होत्या, सुपारीएवढ्या. भेंडी इतकी जून की दोरखंड चघळल्यासारखं वाटत होतं. सार्जंटांची कोंबडी एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला गुलाबी. बाबा आईसमोर ताट ठेवून उभे राहिले. पहिल्यांदा कचेरीत साहेबापुढे कागद ठेवला असेल तेव्हा असेच उभे असतील. आईने सगळं संपवलं. बोटं पुसली. मग म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

बाबांचा चेहरा असा खुलला की मी दुसरीकडे बघितलं.

हुकूम एका शनिवारचा होता. पुढच्या शनिवारी बाकीचे पुरुष आपापल्या खुर्चीत परतले. बाबांनी मात्र टोपली उचलली.

"कुठं?" आईने विचारलं.

"त्या बाईने मला निवृत्त भेंडी दिली. मी परत जाणार."

अशी ती सवय लागली. पहिल्या महिन्यात झेनाबूने त्यांना तीनदा फसवलं, दुसऱ्या महिन्यात एकदा. शेवटी तिनेच कंटाळून शिकवलं: भेंडीचं टोक बोटाने मोडून बघायचं. कट्‌कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. बाबा या ज्ञानाने इतके भारावून गेले की घरी येऊन त्यांनी सार्जंटांना अर्धा तास समजावून सांगितलं. अंबाडीची पानं कोणती आंबट, शेंगदाण्याची पेस्ट कोणाची स्वच्छ, हे सगळं ते आता घटनेच्या कलमांसारखं म्हणून दाखवत.

इकडे आईच्या शनिवारच्या सकाळी मोकळ्या झाल्या. ती वस्तीतल्या बायकांच्या सभेला जायला लागली, नंतर मोसींच्या मोरे भाषेत लिहिण्यावाचण्याच्या वर्गालाही. पुढच्या वर्षी सरकारने वस्तीवस्तीत लोकन्यायालयं काढली. लहानसहान भांडणं तिथेच मिटवायची, वकील नाही, कोर्ट नाही. न्याय करायला वस्तीनेच माणसं निवडायची. शाळेच्या अंगणात सगळे जमले आणि सार्जंट नोआगांनी बाबांचं नाव सुचवलं. कायदा यांच्याइतका कोणाला येतो, ते म्हणाले. खरंच होतं.

मग मागून एका बाईने आईचं नाव घेतलं. प्रसूतिगृहात आईने तीस वर्षं काढली होती. अर्धी वस्ती तिच्या हातांवर जगात आली होती, आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीची भांडणं तिने नळावर सोडवली होती. हात वर झाले. बाबांसाठी नऊ. आईसाठी मोजायचं सोडून दिलं.

बाबांनी तीन दिवस रेडिओला हात लावला नाही. शनिवारी झेनाबूपाशी गेले ते टोपली न भरताच परतायला निघाले.

"काय झालं रे, गुलामा?"

"आयुष्यभर अभ्यास मी केला," बाबा म्हणाले. "आणि निवडलं तिला."

झेनाबू भेंडीवर पाणी शिंपडत म्हणाली, "तू तीस वर्षं एकट्या सार्जंटशी बोललास. ती सगळ्यांशी बोलली. मीसुद्धा तिलाच निवडलं असतं. आता घेतोस का, की गिऱ्हाइकाला जागा देतोस?"

त्या दिवशी दुपारी आई सरकारी पत्रक घेऊन अंगणात बसली होती. पत्रक फ्रेंचमध्ये होतं. ती बोट ठेवून अक्षरं जुळवत होती, एका ओळीवर किती तरी वेळ. बाबा बघून न बघितल्यासारखं करत होते. शेवटी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"कुठला शब्द?"

"हा."

"नि:पक्षपाती."

"म्हणजे काय?"

"आपल्या जवळच्या माणसाचीही बाजू घ्यायची नाही."

"हात्तिच्या," आई म्हणाली. "सोपा आहे की मग."

तेव्हापासून ती पत्रकं आणायची, बाबा वाचून अर्थ सांगायचे, आणि निकाल काय द्यायचा याबद्दल त्यांनी तोंड उघडलं की ती म्हणायची, "तेवढं माझ्याकडे असू दे."

तीन महिन्यांनी झेनाबू पारेने लोकन्यायालयात तक्रार दिली. लामुसा झुंग्राना यांच्याविरुद्ध.

तक्रार अशी: हा माणूस दर शनिवारी येतो, ढिगातल्या प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतो, त्यातल्या वीस-पंचवीस घेतो, आणि बाकीच्या टोकं मोडलेल्या माझ्या गळ्यात टाकून जातो. त्या कोणी घेत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात इतकी गर्दी मी कधी बघितली नव्हती. आई सहा जणांबरोबर बाकावर बसली होती. ती उठून म्हणाली, "आरोपी माझा नवरा आहे. मी बाजूला बसते."

"मुळीच नाही," झेनाबू म्हणाली. "तू बसलीच पाहिजेस. याला ओळखणारी तू एकटीच आहेस."

बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. आई परत बसली.

"आरोपी झुंग्राना," ती म्हणाली, "टोकं मोडलीत?"

"मोडली. पण टोक मोडून बघायला फिर्यादीनेच शिकवलं."

"मी एक मोडायला शिकवलं," झेनाबू म्हणाली. "याने सगळा गाव मोडला."

"सगळ्या भेंड्या मोडायची गरज काय होती?" आईने विचारलं.

बाबांनी टोपी काढली. "खरं सांगू? त्या आवाजाची गंमत वाटते."

लोक हसून हसून भिंतीला टेकले. आई हसली नाही. तिने इतर सहा जणांशी हळू आवाजात बोलून घेतलं, आणि निकाल सांगितला: येत्या शनिवारी आरोपीने फिर्यादीच्या दुकानी बसून टोकं मोडलेली भेंडी स्वत: विकून द्यावी. विकली नाही तर घरी आणून स्वत: खावी.

"याच्यावर अपील कुठं करायचं?" बाबांनी विचारलं.

"घरी चालणार नाही," आई म्हणाली.

शनिवारी बाबा इस्त्रीच्या पँटमध्ये झेनाबूच्या शेजारी खोक्यावर बसले. मीही गेले होते, अर्थातच. पहिलं गिऱ्हाईक आलं, तुटकी टोकं बघून नाक मुरडलं. बाबा उभे राहिले.

"बाई, जरा ऐकून घ्या. ही टोकं मी मोडली. वाकली ती बाजूला काढली, मोडली तेवढीच इथं आहेत. म्हणजे यातली प्रत्येक भेंडी तपासून पास झालेली आहे. शेजारच्या ढिगाची अशी हमी कोण देतंय?"

बाईने विचार केला आणि ढीग उचलला. मग दुसरी आली. नऊ वाजेपर्यंत मोडलेली भेंडी कुठे मिळते ते विचारत माणसं यायला लागली. दहाला खाली नुसतं गोणपाट उरलं. झेनाबूने ते गोणपाट उचलून झटकलं.

"गुलामा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी सगळीच मोडून ठेव."

शिक्षा एका दिवसाची होती, बाबा अठरा वर्षं बसले. भेंडी हे निमित्त झालं. बायका भाजी घेता घेता विचारायच्या, नवरा गेला तर घर कोणाच्या नावावर राहतं, पोराचा दाखला हरवला तर काय करायचं, नगरपालिकेने बाजारातली जागा बदलली तर कोणाकडे जायचं. बाबा तिथेच गुडघ्यावर अर्ज लिहून द्यायचे. "कडुनिंबाखाली मी बोलायचो आणि सार्जंट जांभई द्यायचा," ते मला म्हणाले होते. "इथं लोक उलटून बोलतात. फार बरं वाटतं."

सगळे दिवस असे हसण्याचे नव्हते. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात एका दुपारी शहरात गोळीबार ऐकू आला आणि संध्याकाळी रेडिओवर पुन्हा लष्करी बँड वाजला: क्रांतीचा नेता मारला गेला होता, सत्तेवर दुसरे आले होते. बाबांनी वही मागितली नाही. शनिवारी ते टोपली घेऊन गेले तर बाजार अर्धा रिकामा होता. झेनाबू आली होती. दोघं शेजारी शेजारी गुपचूप बसून राहिले. बऱ्याच वेळाने झेनाबू म्हणाली, "आज मला शिवी द्यायला विसरलास."

"कुत्र्याची मुंडी," बाबा म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

"ही काय शिवी झाली? नीट दे."

मग त्यांनी नीट दिली. तिनेही दिली. एक बाई थांबली आणि भेंडी घेऊन गेली.

पुढे लोकन्यायालयं गेली. आईकडे येणारी माणसं मात्र येतच राहिली. ती बाबांच्या खुर्चीत बसून भांडणं मिटवायची. सार्जंट समोर स्टुलावर बसून प्रत्येक निकालावर मत द्यायचे, आणि ते मत कोणी विचारात घ्यायचं नाही. बाबांना बसायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी दुसरी खुर्ची विणून घेतली.

बाबा गेले ते दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, चार दिवस तापाने पडून. शांतपणे गेले. वस्तीतली आणि बाजारातली इतकी माणसं आली की अंगणात उभं राहायला जागा नव्हती. शवपेटी उचलून खांद्यावर घेतली आणि बघतो तर काय, झेनाबू फाटकात आडवी झोपलेली. सत्तरीच्या घरातली बाई, चांगलं धुतलेलं कापड नेसून, सरळ मातीत.

"हा माझा गुलाम आहे," ती आभाळाकडे बघत म्हणाली. "माझ्या परवानगीशिवाय कुठं नेताय याला?"

सामोंचा तो हक्कच आहे. मोसीच्या मयताला येऊन रडणाऱ्यांना हसवायचं, आणि काही मिळाल्याशिवाय वाट द्यायची नाही. सार्जंट नोआगा काठी टेकत पुढे गेले. वाटाघाटी त्यांनी आपल्याकडे घेतल्या.

"एक मडकं दोलो," ते म्हणाले. दोलो म्हणजे आमची ज्वारीची दारू.

झेनाबूने डोळे मिटून घेतले.

आतल्या खोलीत आई बायकांच्या गराड्यात बसली होती, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. ती विधवा होती, पण सामोही होती. तिने आतूनच ओरडून सांगितलं, "झेनाबू, दोन मडकी आणि एक कोंबडी घेतल्याशिवाय उठू नकोस."

सगळं अंगण हसलं. रडणारेही हसले. मीही.

"घरचाच माणूस शत्रूला मिळाला," सार्जंट म्हणाले आणि दोन मडकी व एक कोंबडी कबूल केली. झेनाबूने हात पुढे केला, दोघींनी तिला धरून उठवलं. तिने कापडाची माती झटकली, पेटीवर एकदा तळहात ठेवला आणि बाजूला झाली. आम्ही फाटकाबाहेर पडलो. ऊन चांगलंच तापलं होतं. पुढे सार्जंट नोआगा काठी आपटत चालले होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते, पेलाजी मध्ये बोलली नसती तर आपण दीड मडक्यात मिटवलं असतं.